७७७ वाल्यांनो, किल्लीला शिव्या देऊ नका

शनिवारी दुपारी ओवे गावातल्या घरी मस्त ताणून द्यायचा बेत होता. तेवढ्यात हापिसातल्या मित्राचा फोन. "अरे, एकवीस दिवस बॅकअप झालेला नाहीये. एसएसएचची किल्लीच चालत नाही. पासवर्ड लॉगिन चालू करून टाकू का?"

नाही! अजिबात नाही!!

आपल्या धंद्यात हा रोगच आहे राव. किल्ली नाकारली की पहिला उपाय सीएचमॉड ७७७, दुसरा पासवर्ड, तिसरा नवी किल्ली. सर्व्हरचा लॉग उघडून बघणं कुणाच्या यादीतच नाही. बॅकअपचं सॉफ्टवेअर बिचारं 'ऑथेंटिकेशन फेल्ड' एवढंच म्हणतं, कारण त्याला खरंच माहीत नसतं. दारातल्या परक्याला सर्व्हर कारण सांगत बसत नाही, स्वतःच्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. आमच्याही लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं: बॅकअप युजरच्या होम डिरेक्टरीची मालकी किंवा परवानग्या चुकीच्या. तीन आठवड्यांपूर्वी एक फाइल कॉपी होईना म्हणून कुणीतरी अख्ख्या डिरेक्टरीला ७७७ देऊन मोकळं झालं होतं. ज्या घरात कुणीही शिरून कुलूप बदलू शकतो, तिथल्या कुलपावर ओपनएसएसएच विश्वास ठेवत नाही. बरोबरच आहे त्याचं! होम ७५५, डॉट-एसएसएच ७००, ऑथोराइझ्ड-कीज ६००. पाच मिनिटांचं काम.

"स्ट्रिक्टमोड्स बंद केलं असतं तरी चाललं असतं की," मित्र म्हणाला. हो, चाललं असतं. वॉचमन नडतो म्हणून त्यालाच काढून टाका, मग काय, सगळेच आत.

दर वेळी परवानग्याच गंडलेल्या असतात असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ ने शा-१ वाल्या आरएसए सह्या घेणं मुळातच बंद केलं. सर्व्हर नवा आणि बॅकअपमधली लायब्ररी जुनाट, की लगेच ओरड: "आरएसए मेलं!" मेलं नाही हो. तीच किल्ली शा-२ ने सही करून चालते, लायब्ररी बदला. पण नाही, कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकून जुनं परत चालू करायचं आणि विसरून जायचं.

असो. त्या एकवीस दिवसांत डिस्क गेली असती तर? रोज रात्री अपयशाचा मेल येत होता म्हणे. येत होताच. फिल्टर लावून त्याला कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये ढकलणारा मीच! फिल्टर काढलाय. आता एक रिस्टोर करून बघतोय, झोप गेली खड्ड्यात.