चर्चेचे गुण की गुणांची चर्चा?

केंद्र सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ सुरू केले, तेव्हा त्यावरील अभ्यासक्रमांसाठी चार अंगे योजिली होती: चित्रित व्याख्याने, वाचनसाहित्य, चाचण्या आणि चर्चा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे विषय या मार्गाने शिकण्याची मुभा महाविद्यालयांस दिली. म्हणजे पदवीचा बराच मोठा भाग आता अशा वर्गात मिळू शकतो, की जेथे गुरुशिष्यांची दृष्टादृष्टही होत नाही. शंका विचारावयाची, मतभेद मांडावयाचा, तर जागा एकच. ती म्हणजे लेखी चर्चा. तिचे मोल कसे करावयाचे हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहिलेला नाही.

‘एनपीटीईएल’च्या अभ्यासक्रमांत सर्वसाधारणपणे २५ गुण स्वाध्यायांस आणि ७५ गुण अंतिम परीक्षेस असतात, चर्चेला काहीच नाही. ज्यास गुण नाहीत त्याकडे आपला विद्यार्थी ढुंकूनही पाहत नाही, हे त्यास आपणच शिकविले आहे. म्हणून काही शिक्षक दुसरे टोक गाठतात: आठवड्यास एक मत लिहा, सहाध्यायांस दोन उत्तरे द्या, गुण घ्या. परिणाम ठरलेला. मुदतीच्या आदल्या रात्री ‘मी आपल्या मताशी पूर्णतः सहमत आहे’ अशा वाक्यांची रांग लागते. ही चर्चा नव्हे, हजेरीपटावरील ‘हजर’ आहे. त्यात २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ अवतरल्यापासून ती हजेरीही यंत्राकरवी लावता येते. न वाचता लिहिणारा विद्यार्थी आणि न वाचता मोजणारा शिक्षक, असा हा व्यवहार बिनबोभाट चालू शकतो!

तरीही चर्चेचे गुण सरसकट रद्द करावेत, असे आम्हांस वाटत नाही. प्रत्यक्ष वर्गात इंग्रजी शाळांतून आलेली चारदोन वाचाळ मुले सारा तास व्यापतात. तालुक्याच्या गावाहून आलेली, बोलताना चाचरणारी मुलगी शेवटच्या बाकावर गप्प असते. लेखी चर्चेत तिला विचार करावयास उसंत मिळते. लिहिलेले खोडून पुन्हा लिहिता येते. मात्र तिने मराठीत लिहिले म्हणून गुण कापले जाणार असतील, तर तिच्यासाठी हाही शेवटचा बाकच ठरेल.

तेव्हा नोंदी मोजणे आधी थांबवावे. सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्याने आपल्याच तीन नोंदी निवडून द्याव्यात आणि कोणाच्या कोणत्या मुद्द्याने आपले मत बदलले वा पक्के झाले, ते खाली लिहावे. त्यावर शिक्षकाने त्यास पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत; उसने लेखन तेवढ्यात उघडे पडते आणि अडखळत बोलणाऱ्याचे स्वतःचे विचारही कळतात. साठ विद्यार्थ्यांस हे पाच तासांचे काम आहे. जेथे नावे हजारांत आणि वाचणारा एकच, तेथे महाविद्यालयांनी आपले स्थानिक शिक्षक या कामी नेमावेत व त्यांच्या कार्यभारात हे तास धरावेत. ज्यांना तेवढेही जमत नसेल, त्यांनी चर्चेचे गुण देऊ नयेत.