जे खाल्ले जाईल, तेच पेरले जाईल!

शहरातील सुशिक्षित गृहस्थाला आपल्या घरी येणाऱ्या पिठाच्या पिशवीवरचा छाप ठाऊक असतो. त्या पिठातील धान्याचा वाण मात्र ठाऊक नसतो. हे अज्ञान निरुपद्रवी आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो समज चुकीचा असून शहराच्याच हिताला घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे सह्याद्रीच्या कुशीतले आदिवासी गाव. तेथील राहीबाई सोमा पोपेरे ह्या शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. परंतु विकतच्या बियाण्यांबरोबर खतांचा आणि औषधांचा खर्च वाढतो, आजार घरात शिरतात आणि आजीच्या हातचे वाल-घेवडे मात्र नाहीसे होतात, हे त्यांच्या अनुभवी नजरेने हेरले. त्यांनी गावरान वाण शोधून राखण्यास आरंभ केला. 'बाएफ' संस्थेचे साहाय्य मिळाले, बचत गटांच्या स्त्रिया पुढे आल्या आणि त्या खेड्यात बियाण्यांची बँक उभी राहिली. त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सारा महाराष्ट्र त्यांना 'बीजमाता' म्हणून ओळखू लागला. त्यांचे सत्कार झाले, छायाचित्रे निघाली. पुढे काय?

पैशाच्या बँकेतील ठेव स्वस्थ पडून राहिली तरी वाढते. खेड्यातील घरात जपलेल्या बियाण्याचे तसे नाही. चार-दोन वर्षांत त्याची उगवणशक्ती क्षीण होत जाते. ते पुन्हा पेरावे लागते, त्याचे पीक घ्यावे लागते आणि त्या पिकाला खाणारे तोंड लागते. जे खाल्ले जात नाही ते पेरले जात नाही, आणि जे पेरले जात नाही ते नष्ट होते. म्हणून कोंभाळण्याच्या बँकेची एक किल्ली मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरात आहे, हे आम्हांस वाचकांच्या निदर्शनास आणावयाचे आहे.

संकरित बियाण्यांना आम्ही शिव्याशाप देऊ इच्छीत नाही. १९६५ साली देश अमेरिकेच्या गव्हाकडे डोळे लावून बसला होता आणि लालबहादूर शास्त्रींना आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन जनतेला करावे लागले होते. त्या लाजिरवाण्या अवस्थेतून देशाला बाहेर काढण्यात नव्या वाणांचा वाटा मोठा आहे. कृतघ्नपणा हा काही विचार नव्हे. परंतु विपुलता निराळी आणि टिकाऊपणा निराळा. शेकडो वाणांच्या जागी मोजके वाण आले की, एखादा रोग वा एखादा चुकार पाऊस साऱ्या शिवारावर एकाच वेळी घाला घालतो. शिवाय नवे वाण घडविणाऱ्या शास्त्रज्ञालाही रोगाला आणि अवर्षणाला तोंड देणारे गुण शोधण्यासाठी ह्या जुन्या वाणांकडेच परत यावे लागते. तेव्हा बीजमाता आणि प्रयोगशाळा यांच्यात वैर नाही. एकीवाचून दुसरी पांगळी आहे.

शहराच्या पुरवठ्याचा धागा किती नाजूक आहे, याचा प्रत्ययही आपणांस आला आहे. मे २०२० मध्ये साथीमुळे वाशीचा घाऊक बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. एकीकडे माल शेतात पडून, दुसरीकडे शहरात भाजीची टंचाई! त्या दिवसांत शेतकऱ्यांच्या गटांनी गृहनिर्माण संस्थांच्या फाटकांपर्यंत भाजी आणून पोहोचविली. संकट सरले आणि पुष्कळ ठिकाणी ती ओळखही सरली. गरज सरो, वैद्य मरो, हा न्याय सुसंस्कृत नागरिकांना शोभत नाही.

करावयाचे काय, यासाठी दूर जावयास नको. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे संघ करून, दुकान न थाटता, घरोघर वाणसामान पोहोचविण्याची रीत रूढ केली. सहकाराची हीच मध्यमवर्गीय शिस्त गावरान धान्याला का लावू नये? वीस-पंचवीस बिऱ्हाडांनी एकत्र यावे, पेरणीपूर्वी एखाद्या शेतकरी गटाला ज्वारी, नागली, कडधान्य यांची मागणी नोंदवावी, थोडी आगाऊ रक्कम द्यावी आणि हंगाम साधला नाही तर त्या तोट्याचा वाटाही उचलावा. अखेरच्या अटीवाचून बाकीचे सारे केवळ हौस ठरेल. 'सेंद्रिय' शब्दाची चिठ्ठी लावून चकचकीत दुकानांत चौपट किमतीला विकली जाणारी नागली पिकविणाऱ्याचे भले करीलच असे नाही.

सरकारचेही कर्तव्य आहे. आपले बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. विकायचे ते मात्र छापाच्या नावाने नसावे, एवढीच मर्यादा. बियाण्यांसंबंधी कोणताही नवा कायदा करताना ह्या हक्काला धक्का लागता कामा नये. राज्याने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. पण मुक्त झालेल्या मालाला शहरात बसावयास जागा नसेल तर ती मुक्ती कागदावरची! महापालिकांनी प्रत्येक प्रभागात शेतकऱ्यांच्या आठवडे बाजाराला हक्काची जागा दिलीच पाहिजे.

खेड्यातील एका निरक्षर स्त्रीने आपल्या वाट्याचे काम चोख केले आहे. साक्षरांनी आता केवळ टाळ्या वाजवू नयेत. आपल्या ताटात तिच्या धान्याला जागा करून द्यावी.