निरोप कसला देता?

सुलेमान अल-ओबेद. जन्म १९८४, गाझा. शाती निर्वासित छावणीच्या क्लबातला हा गडी शंभरावर गोल ठोकून पॅलेस्टाईनचा पेले झाला. २०१० साली येमेनविरुद्ध त्यानं हवेत कात्री मारून केलेला गोल गाजला.

६ ऑगस्ट २०२५. दक्षिण गाझात मदतीसाठी थांबलेल्या लोकांवर इस्रायली हल्ला झाला, त्यात तो मेला. पॅलेस्टाईनच्या फुटबॉल संघटनेनं तसं जाहीर सांगितलं. मागं पाच पोरं.

युरोपच्या फुटबॉलवाल्यांनी, युएफानं, गोड शब्दांत निरोप दिला. कसा मेला, कुठं, का? चकार शब्द नाही. मोहम्मद सलाहला ते जाहीर विचारावं लागलं.

मित्रांनो, निरोप पाव्हण्याला देतात. भाकरीसाठी थांबलेला माणूस मारला, तर पंचनामा करायचा असतो. मारेकऱ्याचं नाव गाळून वाहिलेली फुलं मारेकऱ्याच्याच गळ्यात पडतात.