केसाची अर्धी फाक

डोक्यावरचा एक केस उपटा. (ज्यांना परवडत नाही त्यांनी शेजारच्या क्युबिकलमधून उसना आणा.) त्याची जाडी साधारण 70 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सात शतांश. आता मनातल्या मनात त्याच्या दोन उभ्या फाका करा. त्यातल्या एका फाकेवरून एप्रिलमध्ये न्हावऱ्यात दोन जाणत्या माणसांचा सलग दोन वीकेण्ड वाद चालला होता. एक मी, दुसरा माझा मावसभाऊ.

दादाचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. रांजणगावचा गणपती मागे पडला की नगर रस्त्यावर न्हावरा फाटा येतो, तिथून उजवीकडे. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये साखर कारखाना आणि डोळ्यांत धूळ. या पत्र्याच्या शेडमध्ये रेस इंजिन बांधायचं म्हटल्यावर ऑफिसमधले लोक हसले. पण बॉस, इंजिनाच्या बाबतीत हा इलाखा काही मागासलेला नाही. मुंढव्याच्या भारत फोर्जमधून जगभर क्रँकशाफ्ट जातात. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 पासून पुण्यात आहे. आणि याच शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या फियाट कारखान्यात, 1.3 लिटरची मल्टिजेट डिझेल इंजिनं वर्षानुवर्षं बनली, 2020 मध्ये बीएस-6 येईपर्यंत.

आमचं इंजिन मात्र मारुती एस्टीमचं. जी-13बी, 1298 सीसी. एस्टीम 1994 मध्ये बाजारात आली आणि नंतर बंदही झाली, पण हौशी रेसवाल्यांनी हे इंजिन अजून सोडलेलं नाही. हलकं आहे, फिरायला उतावळं आहे आणि नाना पेठेत पार्ट मिळतात. पावसाळ्यानंतरच्या ऑटोक्रॉससाठी ते उभं करायचं होतं. क्रँक स्टॅण्डर्ड साइझची मिळाली होती, एकदाही ग्राइंडिंग न झालेली. अशी क्रँक आता सहज मिळत नाही. बेअरिंग बिघडलं तर आधी ती जाणार, आणि माझा दीड पगार तिच्यासोबत.

आता बेअरिंगचा फंडा. क्रँक ब्लॉकमध्ये पाच जागी टेकते, ती मेन बेअरिंगं. बॉलबेअरिंगसारख्या गोळ्या इथे नसतात. दोन अर्धगोल गुळगुळीत शेल आणि मध्ये तेल, एवढंच. क्रँक फिरायला लागली की ती स्वतःच तेल ओढून आपल्याखाली पाचर मारते आणि त्यावर तरंगते. ऑइल पंप फक्त तेल दारापर्यंत पोचवतो, उचलून धरायचं काम फिरण्याचं. 7000 आरपीएमला या 45 मिलिमीटरच्या जर्नलचा पृष्ठभाग ताशी जवळजवळ साठ किलोमीटरने धावतो आणि धातूला धातू लागत नाही. लागला की खेळ खल्लास.

वाद असा, की जर्नल आणि शेल यांच्यात फट किती ठेवायची?

दादाचं म्हणणं, ‘‘दोन थाउ. मोकळं ठेवायचं, धरत नाही.’’ दोन थाउ म्हणजे 51 मायक्रॉन. माझ्या हातातलं मॅन्युअल 20 ते 40 सांगत होतं. त्यावर त्याचा युक्तिवाद: मॅन्युअल लिहिणाऱ्याने ही गाडी बायको-पोरांना घेऊन महाबळेश्वरला जायला बनवलीय. त्याला ॲव्हरेज पाहिजे, आवाज नको आणि वॉरंटीत कोणी परत यायला नको. तुला 7000 ला खेचायचीय. तिथे क्रँक वाकते, ब्लॉक पिळतो, मग ती घट्ट जागेत घासणार.

हे खोटं नाही. जगभरचे इंजिन बांधणारे एक जुना ठोकताळा सांगतात: जर्नलच्या दर इंचाला एक थाउ. आमच्या जर्नलला त्या हिशेबाने 45 मायक्रॉन येतात आणि रेससाठी वर अर्धा थाउ द्यायचीही पद्धत आहे. म्हणजे दादा एकटा नव्हता. वीस मायक्रॉनचं टोक मीही सोडून दिलं. घट्ट फटीत तेल कमी वाहतं, आणि तेलच उष्णता वाहून नेतं. तेल कमी, म्हणून शेल तापलेलं, म्हणून तेल पातळ, म्हणून थर आणखी बारीक. हे चक्र सुरू झालं की थांबत नाही.

पण मोकळं म्हणजे सेफ, हेही तितकंच अर्धवट. फटीतून वाहणारं तेल फटीच्या साधारण घनाने वाढतं. 36 च्या जागी 51 ठेवले की गळती पावणेतीन पट! पंप तोच, तेवढाच. मग गरम तेलावर प्रेशर पडतं आणि क्रँकमधून पुढे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला जाणारं तेल आधी सुकतं. शिवाय मोकळ्या जागेत भार शेलच्या छोट्याशा पट्ट्यावर येतो आणि दणके बसतात. ट्रॅक्टरला हे चालतं, कारण तिथे ब्लॉक लोखंडी, तेल जाड आणि आरपीएम दोन-अडीच हजार.

खरी मेख ब्लॉकमध्ये होती. एस्टीमचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा. ते पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणजे इंजिन तापलं की क्रँक फुगते त्याहून तिचं घर जास्त फुगतं आणि फट आपोआप वाढते. दादाने मान हलवली. पण मान हलवणं आणि पटणं यात फरक असतो, हे अप्रेझल दिलेल्या कुणालाही विचारा.

मग आम्ही मोजलं. क्रँक, ब्लॉक, मायक्रोमीटर सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवलं आणि पहाटे सहाला सुरुवात केली, शेडमध्ये 26 डिग्री असताना. शेल बसवून, कॅपचे बोल्ट टॉर्क रेंचने पुरे आवळून. सुट्या शेलचं माप खोटं असतं, कारण आवळल्यावरच ती जागेवर दबून गोल होतात. बोअर गेज क्रँकच्याच मापावर झीरो करायचा आणि उभ्या रेषेत फिरवायचा. जोडाच्या रेषेवर नाही, तिथे शेल मुद्दाम पातळ केलेलं असतं. आकडे आले 35, 36, 34, 42, 35.

दुपारी दीडला, पत्र्याखाली 38 डिग्री झाल्यावर, दुसरं बेअरिंग पुन्हा मोजलं. गेज पुन्हा त्याच क्रँकवर झीरो करून. 36 चे 41 झाले होते. बारा डिग्रीत पाच मायक्रॉन, आणि तेल तर शंभरच्या घरात जाणार.

दादा दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘थंडीला पस्तीस-छत्तीस ठेव. पण आधी चौथं बेअरिंग का वेगळं आहे ते सांग.’’ हा प्रश्न मॅन्युअलमध्ये नव्हता, तो त्याच्या तीस वर्षांतून आला होता. एकच बेअरिंग निराळं आलं तर घरांची रांगच वाकडी असू शकते. तसं असेल तर आकडा कितीही गोड असला तरी क्रँक घासणार. त्याने सरळपट्टी लावली, फीलर गेज घातला, क्रँक तेल लावून बसवली आणि दोन बोटांनी फिरवली. कुठेही अडली नाही. रांग सरळ होती, फक्त चौथ्या जागी शेल पातळ पडत होतं.

इथे सुझुकीची एक सॉलिड सोय कामी आली. त्यांची मेन शेलं रंगाच्या ठिपक्याने निवडतात: हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. एका रंगापासून पुढच्याची जाडी साधारण तीन मायक्रॉनने जास्त. वरचं-खालचं दोन्ही एकेक रंग पुढचं घेतलं की सहा मायक्रॉन कमी. नाना पेठेत चार दुकानं पालथी घालून ती जोडी मिळाली. चौथं बेअरिंग 36 वर आलं.

मग उरली धूळ. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ 36 मायक्रॉनच्या फटीत गेली तर सगळी गणितं वाया. म्हणून क्रँक रात्री बसवली. शेडमध्ये पाणी मारून, दारं लावून, पंखा बंद. एप्रिलमध्ये! दादाची बायको चहा घेऊन आली तर तिलाही आत येऊ दिलं नाही. चहा खिडकीतून.

तेलावर पुन्हा खटका उडाला. त्याला 20डब्ल्यू-50 हवं होतं, मला 10डब्ल्यू-40. फट लहान ठेवल्यावर जाड तेल ओतणं म्हणजे बारीक स्ट्रॉमधून मस्तानी ओढणं. माझंच आणलं, पैसे मीच देत होतो.

पहिल्यांदा तापल्यावर 4000 आरपीएमला प्रेशर 52 पीएसआय आलं. दर हजाराला दहा हा ठोकताळा धरला तर चाळीस पुरे होते. अर्ध्या तासाने इंजिन बंद केलं, फिल्टर काढला आणि दादाने तो करवतीने कापला. आतला कागद उन्हात उलगडून आम्ही दोघं चकाकणारा कण शोधत बसलो. सापडला नाही. दादाने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, ‘‘वॉल्व्हचं क्लिअरन्स किती म्हणतंय तुझं पुस्तक?’’