फ्रेंचचा वर्ग निवडण्यापूर्वी

आपल्या घरांतील मुले-मुली आता परदेशी भाषांकडे वळू लागली आहेत आणि त्यांत फ्रेंचला मोठी पसंती आहे. मात्र वर्गाची निवड बहुधा शुल्क, अंतर आणि सोयीची वेळ पाहून केली जाते. वास्तविक पहिला प्रश्न वेगळाच असावा : ही भाषा कशासाठी हवी आहे? बाजारपेठ न पाहता माल भरणारा व्यापारी जसा अडचणीत येतो, तसाच हेतू न ठरवता वर्गात गेलेला विद्यार्थीही.

फ्रेंचच्या अभ्यासाच्या सहा पायऱ्या आहेत. ए१ व ए२ प्राथमिक, बी१ व बी२ स्वतंत्रपणे व्यवहार करता येण्याच्या, तर सी१ व सी२ प्रावीण्याच्या. पहिल्या चार पायऱ्यांच्या परीक्षेस ‘डेल्फ’ व पुढील दोन पायऱ्यांच्या परीक्षेस ‘डाल्फ’ म्हणतात. ही प्रमाणपत्रे कायम ग्राह्य असतात. फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून पदवी घ्यावयाची असल्यास विद्यापीठे सामान्यतः बी२ची अपेक्षा करतात. अशा विद्यार्थ्याने डेल्फची तयारी करून घेणारा वर्गच निवडावा.

कॅनडात स्थायिक होण्याचा विचार असेल, तर मात्र वाट निराळी आहे. तेथील ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धतीत डेल्फ चालत नाही. ‘टेफ कॅनडा’ किंवा ‘टीसीएफ कॅनडा’ द्यावी लागते. तिचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असल्याने परीक्षा फार आधी देऊन ठेवण्यात लाभ नाही. दोन-तीन वर्षे कष्ट करून हाती नको ते प्रमाणपत्र येणे, यासारखे नुकसान नाही.

व्यापारासाठी भाषा हवी असल्यास आपला माल कोठून येतो, हे आधी पाहावे. कच्चे काजू ज्या आयव्हरी कोस्टमधून भारतात येतात, तेथील राजभाषा फ्रेंच आहे. हिऱ्यांच्या अँटवर्पची भाषा मात्र डच आहे. व्यापाऱ्यास व्याकरणाच्या गुणांपेक्षा संभाषण आणि पत्रव्यवहार यांवर भर देणारा वर्ग उपयोगी पडतो. अकरावी-बारावीत केवळ गुणांसाठी घेतलेले फ्रेंच येथे पुरे पडत नाही.

वेळेचाही हिशेब मांडावा. बी२पर्यंत पोहोचण्यास साधारणतः पाचशे ते सहाशे तासांचे अध्यापन लागते. आठवड्यास चार तासांच्या वर्गाने त्यास जवळजवळ तीन वर्षे लागतील. रोज तीन तासांच्या सघन वर्गाने वर्षाच्या आत काम होईल. म्हणून ‘तीन महिन्यांत अस्खलित फ्रेंच’ अशा जाहिरातींना भुलू नये.

प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. वर्ग कोणत्या पायरीपर्यंत व किती तासांचा आहे? तयारी कोणत्या परीक्षेची होते? एका वर्गात विद्यार्थी किती असतात आणि प्रत्येकास बोलण्याची संधी मिळते का? या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे जेथे मिळतील, तेथेच शुल्क भरावे. आणि निर्णय घेताना ज्याला शिकायचे आहे, त्या मुलाला वा मुलीलाही जवळ बसवावे.