नव्या पत्त्याची पारख

नव्याचे नऊ दिवस, असें आपण म्हणतों. परंतु ‘मॅजिक : द गॅदरिंग’ ह्या पत्त्यांच्या खेळांत ते नऊ दिवस वस्तु बाजारांत येण्यापूर्वींच सुरू होतात. नवा संच विक्रीस निघण्याच्या कांहीं दिवस आधीं त्यांतील पत्ते रोज थोडे थोडे जगापुढें मांडण्यांत येतात, आणि पत्ता उघडा होतांच ‘हा घ्यावाच’, ‘हा टाकाऊ’ असे निकाल तासाभरांत लागूं लागतात. आमच्या वरच्या इयत्तांतील कांहीं विद्यार्थ्यांच्या दप्तरांत हे पत्ते असतात व मधल्या सुटींत त्यांची चर्चाहि कानीं येते. म्हणून नव्या पत्त्याची पारख कशी करावी ह्याविषयींचें आमचें मत ह्या अंकांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा खेळ ज्यांस अपरिचित आहे अशा पालकांनींहि हें वाचावें; कारण पत्ता निवडतो मुलगा, पण पैसा बहुधा पालकांचा असतो.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून देतों. रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञानें हा खेळ रचिला आणि ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ ह्या कंपनीनें तो १९९३ सालीं विक्रीस आणिला. आपल्या मेंढीकोटांत बावन्न पानें सर्वांचीं मिळून असतात, आणि दहाच्या पानाचें मोल नियमानेंच ठरलेलें असतें. येथें तसें नाहीं. प्रत्येक खेळाडू हजारों निरनिराळ्या पत्त्यांतून आपले पत्ते स्वतः निवडतो आणि त्यांचा जोड, ज्यास खेळाडू ‘डेक’ म्हणतात, घरूनच बांधून आणतो. ‘भूमि’च्या पत्त्यांपासून ‘मॅना’ नांवाचें बळ मिळतें. तें खर्चून प्राणी रणांत उतरवावयाचे आणि मंत्र टाकावयाचे. दोघांच्या सामन्यांत प्रत्येकापाशीं जीविताचे वीस गुण असतात. ते शून्यावर आले कीं तो हरला.

परंतु मित्रमंडळींत हल्लीं जो प्रकार विशेष रूढ आहे त्याचें नांव ‘कमांडर’. त्याचा उगम १९९० नंतरच्या दशकांत अलास्कांत झाला. शेल्डन मेनेरी ह्या पंचानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तो दूरवर पसरविला. आणि २०११ सालीं खुद्द कंपनीनें त्याचे तयार डेक काढिले. ह्यांत बहुधा चौघे बसतात. डेक बरोबर शंभर पत्त्यांचा; त्यांतील एक सेनापति सर्वांसमोर उघडा ठेवावयाचा, आणि उरलेल्या नव्व्याण्णवांत साध्या भूमीखेरीज कोणताहि पत्ता दुसऱ्यांदा घ्यावयाचा नाहीं. प्रत्येकास चाळीस गुण मिळतात. हे आंकडे लक्षांत ठेवावे, कारण पारखीचें पुष्कळसें रहस्य त्यांतच आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें: नवा पत्ता बलवान आहे कीं दुर्बल, एवढाच प्रश्न विचारणें अपुरें आहे. चौघे एका मेजाभोंवतीं बसले असतां तो पत्ता कसा वागेल, आणि तो खेळल्यावर तेच चौघे पुन्हा एकत्र बसतील काय, हें पाहिलें पाहिजे. त्यासाठीं आम्ही चार कसोट्या सुचवितों.

पहिली कसोटी व्याकरणाची. पत्त्यावर ‘एक’ असें लिहिलें आहे कीं ‘प्रत्येक’? ‘लाइटनिंग बोल्ट’ हा पहिल्याच संचांतील प्रसिद्ध पत्ता एका मॅनांत तीन गुणांचा घाव घालतो. दोघांच्या सामन्यांत विसांपैकीं तीन म्हणजे मोठीच मजल. परंतु चौघांत समोरच्या तिघांचे मिळून एकशेवीस गुण असतात. त्यांतील तीन म्हणजे अवघा चाळिसावा हिस्सा. उलट २०१३ च्या ‘थेरॉस’ संचांतील ‘ग्रे मर्चंट ऑफ अस्फोडेल’ हा पांच मॅनांचा साधा पत्ता पाहा. तो मेजावर येतांच प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे गुण हरण करतो, आणि जितके हरण झाले तितके आपल्या धन्यास देतो. सोबतीला दुसरा काळा पत्ता मेजावर नसला तरी प्रत्येकी दोन गुण जातातच: दोघांच्या सामन्यांत एकूण दोन, चौघांच्या डावांत सहा.

ह्याहूनहि बोधप्रद उदाहरण ‘रिस्टिक स्टडी’चें आहे. २००० सालच्या ‘प्रॉफेसी’ संचांत हा पत्ता अगदीं सामान्य वर्गांत छापिला होता. प्रतिस्पर्ध्यानें मंत्र टाकिला कीं त्यानें एक जादा मॅना भरावा. न भरल्यास ह्या पत्त्याच्या धन्यानें एक नवा पत्ता ओढावा, एवढाच त्याचा नियम. समोर एकच माणूस असतां हा कर चुकविणें किंवा भरणें त्याच्या हातीं असतें. तिघे असले म्हणजे मात्र कर न भरणारा कोणी ना कोणी निघतोच. नियम तोच राहिला, मेजावरील माणसें वाढलीं, आणि सामान्य पत्ता असामान्य ठरला. फेब्रुवारी २०२५ मध्यें कंपनीनें खेळाचा रंग पालटून टाकणाऱ्या पत्त्यांची जी पहिली यादी काढिली तींत त्याचें नांव आहे.

तथापि ‘एक’ हा शब्द दिसतांच पत्ता टाकून देणें हेंहि योग्य नव्हे. ‘सोर्ड्स टु प्लाउशेअर्स’ ह्या पत्त्याचें नांव यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांतील तरवारींचे फाळ करण्याच्या कल्पनेवरून आलें आहे. तो एकाच प्राण्यास रणांतून कायमचा दूर करतो आणि त्याच्या धन्यास त्या प्राण्याच्या बळाइतके गुण देतो. खर्च अवघ्या एका मॅनाचा. जो प्राणी साऱ्या मेजास गिळूं पाहत आहे त्याच्यावर तो वेळीं पडला, तर एका मॅनांत तिघांचा बचाव होतो. म्हणून शब्द आणि खर्च हीं दोन्ही मिळून वाचावीं.

दुसरी कसोटी गणिताची. नवा पत्ता उघडा झाला कीं ‘हा अमुक पत्त्याबरोबर पडला तर डाव तेथेंच संपतो’, असें मोठ्या उत्साहानें सांगण्यांत येतें. त्या ‘तर’चें वजन किती तें मोजून पाहूं. नव्व्याण्णव पत्त्यांतून आरंभीं सात हातांत येतात. म्हणजे एखादा ठराविक पत्ता त्यांत असण्याचा संभव शेकडा सात. दहा पाळ्या झाल्या कीं सतरा पत्ते पाहून झाले. तरीहि तो दिसण्याचा संभव शेकडा सतराच, म्हणजे सुमारें सहा डावांत एकदां. आणि दोन ठराविक पत्ते दोन्ही दिसण्याचा संभव? वरच्या इयत्तेंतील विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा: सुमारें छत्तीस डावांत एकदां! शोधून आणणारे पत्ते असतात हें खरें, परंतु त्यांसहि मॅना व वेळ लागतोच. म्हणून जो पत्ता दुसऱ्याच्या आधारावांचूनहि कांहीं ना कांहीं उपयोगीं पडतो त्यास अधिक गुण द्यावे. जो सेनापतीशीं जुळतो त्याचीहि गोष्ट चांगली, कारण सेनापति बहुधा हाताशींच असतो.

तिसरी कसोटी त्यागाची. शंभरांत एकशेएकाव्यास जागा नाहीं. ‘हा पत्ता चांगला आहे काय?’ असें विचारण्याऐवजीं ‘ह्याच्यासाठीं मी कोणता पत्ता काढणार?’ असें विचारावें, म्हणजे निम्मे मोह तेथल्या तेथें विरतात. अनुभवी खेळाडू शंभरांत बहुधा छत्तीस ते अडतीस भूमि ठेवतात. नवखे मात्र नव्या पत्त्यासाठीं प्रथम भूमीवरच कुऱ्हाड चालवितात, आणि मग हातांत सुंदर पत्ते धरून मॅनावांचून स्वस्थ बसून राहतात.

नांवाच्या व चित्राच्या मोहासहि येथेंच आवर घालावा. २०१६ सालच्या एका संचांत भारतीय संस्कृतीवरून कल्पिलेला ‘कलादेश’ नांवाचा प्रदेश होता. २०२५ च्या ‘ईथरड्रिफ्ट’ संचांत त्याचें नांव ‘आविष्कार’ झालें. त्याच वर्षीं ‘स्पायडर-मॅन’चाहि एक संच निघाला. आपल्या भाषेंतील शब्द किंवा आवडता नायक परदेशी पत्त्यावर पाहून मुलांस आनंद व्हावा हें साहजिक आहे, आणि त्या आनंदास आमची हरकत नाहीं. परंतु आवडीखातर जवळ ठेवावयाचा पत्ता निराळा, आणि डेकांत घालावयाचा निराळा.

चौथी कसोटी सहवासाची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. पत्ता चालला असतां बाकीचे तिघे काय करीत असतात? जून २०२४ च्या संचांत ‘नाडू, विंग्ड विझ्डम’ नांवाचा एक पक्षी आला. आपल्या प्राण्याकडे कोणताहि मंत्र वा शक्ति वळविली कीं नवा पत्ता मिळावा, अशी त्याची रचना. फुकट वळणाऱ्या साधनांची जोड मिळतांच एकाच खेळाडूची पाळी लांबत जाई, आणि इतर नुसते पाहत राहात. त्याच्या कर्त्यानेंच पुढें जाहीर केलें कीं पत्त्याचा मजकूर अखेरीस कमांडर प्रकार डोळ्यांपुढें ठेवून बदलला होता, पण त्या अंतिम रूपांत तो खेळून पाहण्यांत आला नाहीं. २३ सप्टेंबर २०२४ रोजीं कमांडरमध्यें त्यावर बंदी आली. करणारांचीहि पारख चुकते, हा एक धडा. आणि दुसऱ्याचा वेळ खाणारा पत्ता कितीहि बलवान असला तरी मेजास नकोसा होतो, हा दुसरा.

ह्याच्या उलट २०१६ सालीं आलेलें ‘राजपद’ पाहा. जो राजा असेल तो आपल्या पाळीच्या शेवटीं एक जादा पत्ता ओढतो. परंतु ज्याचा प्राणी त्या राजास घाव घालील तो स्वतः राजा होतो. असा पत्ता मेजावर येतांच चौघेहि सरसावून बसतात, कारण बक्षीस सर्वांच्या आटोक्यांत असतें. डेकाची शक्ति आगाऊ बोलून ठरवावी म्हणून कंपनीनें २०२५ सालीं पांच पायऱ्याहि सुचविल्या आहेत. त्या उपयुक्त आहेतच; परंतु ‘आज आपण कसा डाव खेळूं या?’ असें चौघांनीं एकमेकांस मोकळेपणानें विचारणें हें कोणत्याहि यादीहून अधिक कामाचें आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, खेळ हा जिंकण्यासाठींच असतो. जो पत्ता अधिक जिंकवितो तोच चांगला. स्पर्धेपुरतें हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु मित्रांच्या मेजावर हिशेब निराळा पडतो. चौघे तुल्यबळ असतील तर चार डावांपैकीं तीन डाव हरणें प्रत्येकाच्या वाट्यास येणारच. मग जो खेळ केवळ जिंकणारासच गोड लागतो तो चारांपैकीं तीन वेळां कडूच लागावयाचा. शिवाय अतिशय भयंकर दिसणारा पत्ता लवकर मांडला कीं बाकीचे तिघे एक होतात. तेव्हां जिंकण्याच्या दृष्टीनेंहि त्याचें मोल कागदावर दिसतें त्याहून कमी भरतें.

आतां पैशाविषयीं दोन शब्द. नाडूबरोबर त्याच दिवशीं आणखी तीन पत्त्यांवर बंदी आली. त्यांतील कांहीं फार महाग होते. तेव्हां पत्त्यांत पैसा गुंतलेल्या कित्येकांचा क्रोध इतका अनावर झाला कीं ज्या स्वयंसेवकांच्या समितीनें ती बंदी घातली तिच्या सभासदांस धमक्या आल्या, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजीं त्या समितीनें हा कारभार कंपनीच्या स्वाधीन केल्याचें जाहीर झालें. कागदाच्या तुकड्यापायीं माणसानें माणसास धमकी द्यावी, इतका खेळाचा विसर पडावा, ही गोष्ट पालकांनीं मुलांस अवश्य सांगावी. पत्ता जितका महाग, तितकी त्याच्याविषयींची बुद्धि आंधळी.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी. बंद पाकिटांत कोणता पत्ता निघेल हें नशिबावर असतें; तो लॉटरीचा मार्ग सोडून हवा तो एकच पत्ता सुटा घ्यावा. तोहि घेण्यापूर्वीं कागदाच्या चिठ्ठीवर त्याचें नांव व नियम लिहून ती एखाद्या जुन्या पत्त्यावर लावावी, आणि मित्रांच्या संमतीनें पांच-सहा डाव खेळून पाहावें. अधिकृत स्पर्धेंत अशी चिठ्ठी चालत नाहीं. घरच्या मेजावर तिला कोणी अडवीत नाहीं. चिठ्ठी पडली असतां मित्रांचे चेहरे उजळले कीं उतरले, हेंहि पाहून ठेवावें.

आणि पुढचा संच उघडा होऊं लागेल तेव्हां एका वहींत दहा पत्त्यांचीं नांवें लिहून प्रत्येकापुढें आपलें मत व त्याचें कारण एका वाक्यांत नोंदवावें. तीन महिन्यांनीं ती वही पुन्हा उघडावी. किती मतें खरीं ठरलीं ह्यापेक्षां कोणत्या कारणानें मत खोटें ठरलें हें जो शोधील त्याची पारख वाढेल. आणि ती पारख, पत्ते जुने होऊन पेटींत पडले तरी, त्याच्यापाशींच राहील.