विषम जोडीचा शोध

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेच्या दोन्ही केंद्रांना गुरुत्वीय लहरींचा पहिला वेध मिळाला. सूर्याच्या सुमारे ३६ पट व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत अखेर एकरूप झाली होती. त्यानंतर सापडलेल्या जोड्यांपैकी बहुतेक अशाच जवळजवळ तुल्यबळ आहेत. यावरून विश्वात विषम जोड्या विरळाच असाव्यात, असे म्हणण्याचा मोह होतो. हे अनुमान पुष्कळ अंशी खरेही असेल. परंतु शोधाची रीत पारखल्याखेरीज ते स्वीकारणे उतावीळपणाचे होय.

उपकरणाच्या अखंड गोंगाटात लहरीचा क्षीण सूर दडलेला असतो. तो ओळखण्यासाठी अपेक्षित लहरींचे असंख्य नमुने गणिताने आधीच सिद्ध करतात आणि प्रत्येक नमुना नोंदीशी ताडून पाहतात. हे नमुने कसे निवडावेत, याविषयी पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली पायाभूत संशोधन प्रसिद्ध केले. या रीतीचे बळ नमुन्यात आहे आणि तिची मर्यादाही नमुन्यातच आहे.

कृष्णविवरांच्या भ्रमणाच्या दुप्पट वारंवारतेचा सूर प्रत्येक जोडीत प्रमुख असतो. वस्तुमाने विषम झाली की तिप्पट वारंवारतेचा सूरही त्यात मिसळतो. तीनास दोन हे प्रमाण म्हणजे आपल्या संगीतातील पंचम आणि षड्ज यांचेच नाते होय. १२ एप्रिल २०१९ रोजी टिपलेल्या, सुमारे ३० व ८ सूर्यांच्या वस्तुमानाच्या जोडीत हा पंचम प्रथमच स्पष्ट ओळखता आला. रूढ शोधांतील नमुने मात्र बहुधा एकट्या षड्जावरच बेतलेले असतात. त्यामुळे जोडी जितकी विषम, तितकी ती निसटण्याची भीती अधिक.

नमुने वाढविले की संगणकाचे श्रम वाढतात आणि गोंगाटालाच सूर समजण्याचा धोकाही वाढतो, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. पण त्यावर उपाय अशक्य नाही. मुंबईच्या आयआयटीतील अर्चना पै व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली असे वरचे सूर हिशेबात घेऊन जड कृष्णविवरांचा शोध करून दाखविला.

हा केवळ मोजदादीचा प्रश्न नव्हे. जन्मापासून एकत्र वाढलेल्या ताऱ्यांची विवरे बहुधा तुल्यबळ निघतात, आणि दाट तारकागुच्छात आधीच्या मीलनातून थोर झालेले विवर लहानास गाठते, असे एक मत आहे. त्याची कसोटी विषम जोड्यांवरच लागावयाची आहे.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या बाहूंवर एवढे धन वेचताना, नमुने घडविणारे गणिती व नोंदी तपासणारे तरुण तयार करण्यात हात आखडता घेणे योग्य ठरणार नाही. लायगोच्या नोंदी ठरावीक काळानंतर सर्वांस खुल्या होतात; महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही त्या अभ्यासता येतात. कान तयार नसेल, तर उत्तम तंबोरा घरात असूनही पंचम ऐकू येणार नाही.